हा कान कुणाचा?

“रबर टाका ह्यात,” मगदूम सर म्हणाले आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा त्यांनी माझ्या नाकापुढे धरला.

एसटी स्टँडच्या कॅन्टीनबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं शिकाऊ चित्रकार बसलो होतो. मेडिकलवाले हत्तरकी, बी.एस्सी.ला असलेली तृप्ती आणि मी. रविवारची सकाळ होती, थंडी चांगलीच होती आणि आमच्या मांडीवर पुठ्ठ्याला चिमटा लावून कोरे कागद होते. हत्तरकींनी आपला रबर निमूटपणे डब्यात टाकला. तृप्तीनेही टाकला. मी मात्र माझा मुठीत धरून बसले.

“कुरणेबाई, जीव न्हाई मागत. रबर मागतोय.”

मी तो टाकला. सरांनी पेन्सिलीही काढून घेतल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक निळं बॉलपेन दिलं.

“आज पेन. चुकली रेघ तर चुकू दे, तिच्या शेजारनं दुसरी ओढा. माणसं हलत्यात, गाड्या सुटत्यात, कुणी तुमच्यासाठी थांबणार न्हाई. आणि ध्यानात ठेवा, दिसलं तेवढंच.”

हे शेवटचं माझ्यासाठी होतं, हे त्या दोघांनाही कळलं. तृप्ती तोंड लपवून हसली.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्याकडे साध्या रजेच्या अर्जालासुद्धा आधी कच्चं टिपण, मग दुरुस्ती, मग पक्कं टिपण. सगळा जन्म असा कच्च्यातून पक्क्यात गेल्यामुळे माझ्या हातून सरळ एक रेघ निघायची नाही. मी रेघ चाचपत काढायची. एक बारीक फटकारा, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. पहिल्याच रविवारी सरांनी माझा कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “बाई, तुमच्या रेघेला केस आलेत. भादरा की जरा.” वर्ग खोखो हसला आणि मी घरी येऊन नवऱ्यावर उगाच करवादले.

सरांच्या वर्गात तास संपला की सगळी चित्रं भिंतीवर लागायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्राविषयी बोलायचं. फक्त ‘छान’ हा शब्द काढायचा नाही. जो म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. “छान म्हणजे मी नीट बघितलं न्हाई,” असा सरांचा हिशेब. पहिल्या महिन्यात हत्तरकींनी इतका चहा पाजला की पुढे ते बोलायच्या आधी तोंडावर हात ठेवायला लागले. सरांच्या तोंडून तो शब्द कधीच कुणी ऐकला नव्हता.

आदल्या रविवारी भिंतीवर माझा पानपट्टीवाला होता. मला तो मनापासून आवडला होता. सर चित्रापुढे उभे राहिले आणि त्यांनी बोट टेकवलं.

“हा कान कुणाचा?”

“त्याचाच, सर.”

“त्यानं मफलर गुंडाळला होता. मी पण बघितलाय की त्याला. कान झाकलेला होता.”

“पण कान असणारच ना आत...”

“असंल. पण तुम्हाला दिसला का? हा कान त्याचा न्हाई, तुमच्या मनातला हाय. माणसाला परस्पर कान लावायचे न्हाईत, बाई.”

मला त्या कानाचा इतका राग आला होता की घरी येऊन मी तो कागद फाडला. एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं, असं नवरा म्हणाला.

तर त्या रविवारी पेन हातात धरून मी स्टँडकडे बघत बसले होते. चंदगडची गाडी लागली होती. पुढच्या फाटकाजवळ एक दाढीवाला माणूस काठीला भिंगऱ्या खोचून बसला होता. मी त्याला काढायला घेतलं, पण पेन काही टेकेना, म्हणून त्याच्याकडे पाठ करून बसले. एवढ्यात माझ्या समोरून एक माणूस एका लहान मुलाला घेऊन पलीकडच्या, मागच्या फाटकाकडे निघाला. पाठमोरा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगावर घोंगडं, डावा खांदा खाली झुकलेला. मुलगा चार-पाच वर्षांचा, हातात भिंगरी, उड्या मारत चाललेला.

काय झालं कोण जाणे, पण मी विचार केला नाही. टॉवेलापासून सुरू केलेली रेघ मानेवरून, त्या झुकलेल्या खांद्यावरून, पाठीवरून, पार टाचेपर्यंत एका दमात आली. मग मुलगा. मग दोघांचे धरलेले हात. शेजारी पाण्याच्या टाकीचा खांब. तेवढ्यात ती दोघं खांबाआड गेली आणि मी थांबले. चेहरा दिसलाच नव्हता. टॉवेलाच्या कडेला गालाची जागा कोरी होती आणि मी ती कोरीच ठेवली.

रेघेला एकही केस नव्हता. मला इतका आनंद झाला की मी वळून सरांना हाक मारणार होते.

त्याच वेळी किंकाळी आली.

“आदू! आदू गं बाई! माझं पोरगं कुठं गेलं?”

चौकशीच्या खिडकीपाशी एक तरुण बाई उभी होती. पायाशी पिशवी, पिशवीवर मुलाचा लाल स्वेटर. गाडीची चौकशी करेपर्यंत तिने मुलाला पिशवीपाशी बसवलं होतं आणि वळून बघते तर मुलगा नाही. सुगंधा तिचं नाव, ते नंतर कळलं. ती आधी संडासाकडे धावली, मग गाडीत चढली, मग उतरली, आणि मग नुसती गोल फिरायला लागली.

त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. खरे की खोटे, कुणी विचारत नव्हतं. आमच्या ऑफिसातही शिपायापासून रजिस्ट्रारपर्यंत सगळ्यांनी ते एकमेकांना पाठवले होते. त्यामुळे गर्दी जमायला वेळ लागला नाही आणि गर्दीला माणूस सापडायलाही नाही.

“ह्याच्यापाशी हुतं पोरगं! मी बघितलंय!” कुणीतरी ओरडलं.

भिंगरीवाला उठून उभा राहिला, तीच त्याची चूक झाली. पाच-सहा जणांनी त्याला धरला. काठी खाली पडली आणि रंगीत कागद पायाखाली गेले.

“म्या काय केलं न्हाई वो! भिंगरी दिली फकस्त. एका म्हाताऱ्यानं घेतली पोराला.”

“कुठला म्हातारा? मी तर भिंगरी घेऊन दिली न्हाई!” सुगंधा किंचाळली. तिचं ते वाक्य ऐकलं आणि गर्दी भडकलीच. भिंगरीवाल्याच्या तोंडावर पहिली चपराक बसली.

“कंट्रोलरसाहेबांनी पोलिसांना फोन केलाय,” मगदूम सर पुढे घुसून म्हणाले. “ते येईस्तोवर हात लावू नका कुणी.” एवढासा माणूस, हातात तो बिस्किटांचा डबा, आणि तो सरळ भिंगरीवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. कुणीतरी त्यांना ढकललं. डबा खाली पडून उघडला आणि आमचे रबर फरशीवर विखुरले.

मला वाटलं, आपल्याकडे कागद आहे. आपण बघितलंय. मी उठले आणि कागद उंच धरून ओरडले, “मी बघितलंय त्यांना! मागच्या फाटकाकडं गेले. मी चित्र काढलंय!”

इतकं भाबडं पाऊल मी आयुष्यात दुसरं टाकलं नसेल. गर्दी माझ्याकडे वळली. जाकीट घातलेल्या एका पोराने माझ्या हातातला कागद खेचला. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि त्यावर तो सगळं शूटिंग करत होता.

“भिंगरी! बघा, पोराच्या हातात भिंगरी हाय! ह्याचीच!” त्याने कागद सगळ्यांना दाखवला. “पुरावा मिळाला!”

“अहो, पण तो माणूस हा नव्हे,” मी म्हणाले. “हा तर इथंच बसला होता.”

“बसला हुता? का पोराला पलीकडं सोडून परत येऊन बसला? तुम्ही सारखं ह्याच्याकडंच बघत हुता का?”

नव्हते. ते मला कबूल करावं लागलं. चित्र काढताना मी पुढच्या फाटकाकडे पाठ केली होती.

“मग? टोळीतली माणसं अशीच करत्यात. तोंड का काढलं न्हाई?”

“दिसलं नाही.”

“आता दिसतंय की!” त्याने भिंगरीवाल्याची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडे वळवला. ओठ फुटला होता आणि दाढीत रक्त उतरत होतं. “काढा. दाढी काढा तेवढी. फोटो ग्रुपवर टाकतो. अजून कुणी साथीदार असंल तर सगळ्या तालुक्यात धरतील.”

कागद परत माझ्या हातात आला. आजूबाजूला माणसंच माणसं, आणि सगळ्यांचे डोळे त्या कोऱ्या गालावर. सरांना दोघांनी मागे धरून ठेवलं होतं. तृप्ती रडत होती. हत्तरकी कुणाकुणाला हात जोडत होते, आणि ते हात जोडणं कुणाच्या गावीही नव्हतं.

सुगंधा माझ्यासमोर आली. तिने माझे दोन्ही खांदे धरले.

“ताई, काढा की वो. तुम्हाला येतंय न्हवं? तुमच्या पाया पडतो. माझं लेकरू कुठं नेलंय त्यानं, ते तो सांगंल. जरा काढा. जरासंच तर राहिलंय.”

खरं सांगते, त्या क्षणी मला काढावंसं वाटलं. भीती वाटली म्हणून नव्हे. म्हणजे भीती होतीच. पण त्या बाईचं तोंड माझ्याने बघवेना. चार रेघा तर होत्या. चार रेघांत तिला धीर आला असता, गर्दीला हवं ते मिळालं असतं, आणि कोण म्हणालं असतं की मी खोटं काढलं? त्याला दाढी होतीच की. समोर दिसत होती.

मी पेन टेकवलं. कोऱ्या गालाच्या कडेला, जिथून दाढी सुरू होणार होती तिथे, निळा ठिपका पडला.

माझ्या पायाशी एक रबर पडला होता. माझाच, कोपरे झिजलेला. माझी नजर त्याच्यावर गेली आणि मनात आलं, पेनाला ह्याचा उपयोग नाही. आता जे निघेल ते राहील. उद्या मी दुरुस्तीचं टिपण लिहिलं की चुकून झालं, तरी हा माणूस परत उठून बसणार नाही.

आणि मला तो कान आठवला.

“ही दाढी कुणाची?” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच राग आला. मग मी ओरडले, “ही दाढी कुणाची? ह्याची हाय. त्या माणसाची मला दिसली नाही. दिसली नाही ती मी काढणार नाही!”

“बाई, पोरगं गेलंय हिचं! कायदा काय शिकवालाय?” जाकीटवाल्याने माझ्या हातातलं पेन घेतलं. “आणा, मीच काढतो.”

मी कागद छातीशी धरला आणि त्याच्याकडे पाठ करून सुगंधाच्या अगदी जवळ गेले. आमच्या दोघींच्या मध्येच कागद मावेल एवढी जवळ.

“सुगंधाताई,” असं मी म्हणाले नाही, नाव मला माहीत नव्हतं, मी म्हणाले, “ए बाई, माझ्याकडं बघ. तोंड शोधू नकोस ह्यात. तोंड मला दिसलंच नाही. चाल दिसली, ती अगदी जशीच्या तशी आहे. हा खांदा बघ. ही पाठ बघ. असा कोण चालतो?”

तिला काही दिसत नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कुणीतरी माझा पदर ओढत होतं, मागून भिंगरीवाल्याचं कण्हणं ऐकू येत होतं. मी तिच्याच पदराने तिचे डोळे पुसले, पुसले म्हणजे रगडले, आणि तिचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. मानेवरून, खांद्यावरून, खाली हातापर्यंत.

बोट हातापाशी थांबलं.

“मनगटाला धरलंय,” ती म्हणाली.

“हो. तसंच धरलं होतं.”

“बोटाला न्हाई धरलं. मनगटाला धरलंय.” तिचा आवाज एकदम उतरला. “मामंजी असं धरत्यात. पोराला न्ह्या, वासराला न्ह्या, असंच. बोट सुटतंय, मनगट सुटत न्हाई म्हणत्यात. पण मामंजी तर घरात हाईत...”

“कुणाला माहीत, आले असतील.”

“कसं येतील? त्यांच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाई. वाट चुकत्यात. मीच भाइरनं कडी घालून आलोय.” हे बोलताना तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मग तिने पुन्हा कागदाकडे बघितलं, त्या झुकलेल्या खांद्याकडे, आणि ती लहान पोरीसारखी म्हणाली, “त्येच हाईत.”

आमच्याभोवतीची चार माणसं कागदावर वाकली होती. मागच्यांना अजून काही कळलेलं नव्हतं.

“मागच्या फाटकानं कुठं जाता येतं?” मी विचारलं.

सुगंधाने विचारलं, “आज आयतवार न्हवं?” आणि पिशवी तिथेच टाकून ती पळत सुटली.

मागच्या फाटकाबाहेर रस्ता ओलांडला की जनावरांचा बाजार. मी धावले, तृप्ती धावली, आमच्या मागून निम्मी गर्दी धावली. तेवढ्यात आलेले हवालदारही मोटारसायकल तशीच वळवून मागे आले. बाजार नुकताच भरत होता. कडेच्या चिंचेखाली, एका दावणीपाशी, घोंगडंवाला म्हातारा उकिडवा बसला होता आणि एका व्यापाऱ्याला खोंडाचे दात दाखवत काहीतरी समजावून सांगत होता. शेजारी आदू बसला होता. त्याचं मनगट म्हाताऱ्याच्या मुठीत होतं आणि दुसऱ्या हातातली भिंगरी तो खोंडापुढे फिरवत होता.

“आये, आज्यानं भिंगरी दिली,” तो म्हणाला.

सुगंधाने मुलाला उचललं नाही. ती सासऱ्यांपुढे मटकन बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. म्हाताऱ्याने तिच्याकडे जरा वेळ नवलाने बघितलं.

“रडतीस कशाला? ह्याला बाजार दावाय आणला,” ते म्हणाले. नंतर कळलं, शेजारणीने दया येऊन कडी काढली होती आणि ते नेहमीसारखे रविवारी बाजाराला निघाले होते, सुनेच्या मागच्याच वडापच्या जीपमधून. स्टँडवर नातू एकटा बसलेला दिसला, त्याला बरोबर घेतलं. त्यांच्या दृष्टीने ह्यात ओरडण्यासारखं काही नव्हतं.

मी परत स्टँडवर आले तेव्हा जाकीटवाला पोरगा दिसला नाही. गर्दीही दिसली नाही. आपापल्या गाड्यांच्या पाट्या वाचत माणसं उभी होती, सगळी नुकतीच आल्यासारखी. सर आणि हत्तरकी फरशीवर बसून भिंगऱ्या गोळा करत होते. हत्तरकींनी कुठूनसा कापूस आणला होता. भिंगरीवाला भिंतीला टेकून बसला होता आणि कापूस ओठावर धरून माझ्याकडे बघत होता.

“मुलगा सापडला,” मी सांगितलं. “आजोबाच होते.”

त्याने मान हलवली. ते त्याला आधीपासून माहीत होतं. सांगितलंही होतं त्याने. मग त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

“बाई, त्याच्यावर म्या हाय का?”

“नाही.”

“दावा.”

मी कागद त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ बघत राहिला, कागद उलटा करूनही बघितला. मग म्हणाला, “न्हाई.” आणि त्याच्या अंगातली सगळी ताकद गेल्यासारखा तो तिथेच आडवा झाला. मला रडू आवरेना. मी सरांपुढे, हत्तरकींपुढे, कंट्रोलरपुढे हमसाहमशी रडले.

पुढच्या रविवारी चित्रं भिंतीवर लागली. माझंही लागलं. कागद चुरगळलेला होता, एका कोपऱ्यावर कुणाच्या तरी बोटांचे काळे ठसे होते. सगळा वर्ग त्याच्यापुढे उभा राहिला आणि कुणी बोलेना. मला ते आवडलं नाही. मी चिडून म्हणाले, “बोला की. नेहमी बोलता. मुलगा सापडला म्हणून चित्र सुधारत नाही.”

तृप्ती म्हणाली, मुलाचे पाय आखूड झालेत. हत्तरकी म्हणाले, टाकीचा खांब वाकडा आलाय. दोन्ही बरोबर होतं. सर मात्र चष्मा वर करून अगदी जवळून बघत होते. त्यांनी बोट टेकवलं, कोऱ्या गालाच्या कडेला.

“हा ठिपका कुणाचा?”



“माझा, सर.”

त्यांनी बोट काढलं. रेघेविषयी ते काहीच बोलले नाहीत, मानेपासून टाचेपर्यंत फक्त एकदा नजर नेली. मग दाराशी जाऊन त्यांनी समोरच्या टपरीवाल्याला हाक मारली.

“ए, सगळ्यांना चहा आण रे. माझ्याकडनं.”

हत्तरकींनी गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं. ‘छान’ असं कुणीच म्हटलं नव्हतं.